अमेरिकेत रिअल इस्टेटची इंटर्नशिप: नागपूरहून निघण्याआधी लायसन्स आणि व्हिसाचा हिशेब

बेसा, मनीषनगर किंवा वर्धा रोडवरच्या एखाद्या बिल्डरकडे वर्ष-दोन वर्षं काम केलेली मुलं-मुली, तसंच बीबीए, सिव्हिल, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थी हल्ली एक बेत हमखास सांगतात. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर अमेरिकेत रिअल इस्टेटची इंटर्नशिप मिळवायची, तिथं असतानाच सेल्सचं लायसन्स काढायचं, आणि लायसन्स हातात आलं की कंपनीच वर्क व्हिसा करून देईल. यातली पहिली पायरी जमण्यासारखी आहे. दुसरी बऱ्याच राज्यांत शक्य आहे. तिसरी मात्र जवळजवळ कधीच जमत नाही, आणि ती का जमत नाही हे जाण्याआधी कळलं तर बेत वेगळ्या पद्धतीनं आखता येतो.

लायसन्स एकाचं, परवानगी दुसऱ्याची

घर विकण्याचं लायसन्स तिथलं राज्य सरकार देतं: टेक्सासचं वेगळं, न्यू जर्सीचं वेगळं. काम करण्याची परवानगी देतं अमेरिकेचं केंद्र सरकार. या दोन खात्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. लायसन्स देताना राज्य तुमचं वय, अभ्यासक्रमाचे तास, परीक्षेचा निकाल आणि बऱ्याच ठिकाणी बोटांचे ठसे बघतं. तुम्हाला कमिशन घेण्याचा हक्क आहे की नाही, हे बघणं त्याचं काम नाही. म्हणून लायसन्स रीतसर मिळतं, नाव यादीत झळकतं, आणि तरीही पहिला सौदा केला की व्हिसाची अट मोडते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अमेरिकेत घर विकणारा एजंट बहुतेक वेळा कंपनीचा पगारी नोकर नसतो. आयकराच्या दृष्टीनं तो स्वतंत्र धंदा करणारा धरला जातो, वर्षाअखेरीस त्याला पगारपत्रक नव्हे तर १०९९ नावाचा फॉर्म मिळतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला मात्र दोन गोष्टी लागतात: ठरलेला पगार देणारा मालक, आणि विशिष्ट विषयातल्या पदवीशिवाय करताच येणार नाही असं काम. सेल्स एजंटकडे दोन्ही नाहीत. लायसन्स कितीही चांगलं असलं तरी या कामावर एच-१बी उभा राहत नाही. भारत आणि अमेरिका यांच्यात गुंतवणूकदार-व्यापाऱ्यांचा करार नसल्यामुळे ई-२ व्हिसाची वाटही भारतीय पासपोर्टला बंद आहे.

मग उघडं काय आहे? बांधकाम व्यवस्थापन, गुंतवणुकीचं विश्लेषण, बाजारभावाचा अभ्यास, प्रकल्पाची आखणी. ही कामं पगारावर होतात, त्यांना पदवी लागते, आणि नागपुरात त्यांचा अनुभव मिळवता येतो.

इंटर्न की ट्रेनी, हे आधी ठरवा

जे-१मध्ये तुमच्या कामाचे दोन वर्ग आहेत. इंटर्न म्हणून जायचं तर तुम्ही अमेरिकेबाहेरच्या कॉलेजात सध्या शिकत असायला हवं, किंवा पदवी मिळून कार्यक्रम सुरू होण्याच्या दिवसापर्यंत १२ महिने उलटलेले नकोत. मुदत जास्तीत जास्त १२ महिने. ट्रेनी म्हणून जायचं तर पदवी आणि त्या क्षेत्रातला किमान एक वर्षाचा अमेरिकेबाहेरचा अनुभव हवा, किंवा पदवी नसेल तर पाच वर्षांचा अनुभव. मुदत १८ महिन्यांपर्यंत.

घोडं अडतं ते या दोघांच्या मधल्या फटीत. पदवीला १४ महिने झाले आणि अनुभव नऊच महिन्यांचा, असा उमेदवार इंटर्नही होत नाही आणि ट्रेनीही नाही. त्यातही निकाल, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणि दीक्षान्त समारंभ या तीन तारखांत बरंच अंतर असू शकतं. कुठली तारीख धरायची हे स्पॉन्सरला, म्हणजे व्हिसाचा फॉर्म देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेला, आधीच विचारून घ्या आणि उत्तर ईमेलवर ठेवा. ट्रान्सक्रिप्टचा अर्ज व्हिसाची गडबड सुरू होण्याच्या खूप आधी विद्यापीठात टाका.

नावाचा घोळही आताच मिटवा. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, कुठं वडिलांचं नाव आहे तर कुठं नाही, असे कागद आपल्याकडे घरोघरी आहेत. व्हिसाचे सगळे कागद पासपोर्टवरच्या नावाप्रमाणे चालतात. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या. पासपोर्ट सेवा केंद्र नागपुरातच आहे, त्यासाठी कुठं जावं लागत नाही.

स्पॉन्सर आणि कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी

जे-१मध्ये व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ फॉर्म कंपनी देत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेली स्पॉन्सर संस्था देते. कंपनी फक्त शिकायची जागा पुरवते. मान्यताप्राप्त स्पॉन्सरची यादी परराष्ट्र खात्याच्या जे-१ संकेतस्थळावर आहे. नागपुरातला किंवा पुण्यातला एखादा सल्लागार 'आम्हीच स्पॉन्सर आहोत' म्हणत असेल तर त्या यादीत नाव शोधा. नाव नसेल तर तो फक्त मध्यस्थ आहे, आणि मध्यस्थाला किती पैसे द्यायचे हा विचार त्या हिशेबानं करा.

स्पॉन्सरला मान्यता विषयवार मिळते. रिअल इस्टेटच्या कामासाठी 'व्यवस्थापन, व्यवसाय, वाणिज्य आणि वित्त' किंवा 'बांधकाम' हा वर्ग त्याच्याकडे असायला हवा. तो फक्त हॉटेल-पर्यटनाच्या वर्गातला असेल तर कागद पुढं सरकणार नाहीत. कंपनी पहिल्यांदाच त्या स्पॉन्सरकडे येत असेल आणि तिच्याकडे २५पेक्षा कमी कर्मचारी किंवा वर्षाला ३० लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल असेल, तर स्पॉन्सरला तिथं प्रत्यक्ष भेट द्यावी लागते. ओळखीच्या काकांचं तीन माणसांचं ब्रोकरेज निवडलं की वेळ इथंच जातो. या भेटीसाठी वेळापत्रकात जागा सोडा.

आता खरी अडचण. जे-१ इंटर्न किंवा ट्रेनीच्या कामात कारकुनी काम २० टक्क्यांहून जास्त चालत नाही: फोन उचलणं, फाइली लावणं, डेटा भरणं वगैरे. दुसरीकडे राज्याच्या कायद्याप्रमाणे लायसन्स नसलेल्या माणसाला ग्राहकाला घर दाखवून सौद्याचं बोलणं, भाव ठरवणं, वाटाघाटी करणं मना आहे. त्याला मोकळं उरतं ते मुख्यतः कारकुनी काम. म्हणजे घरं विकणाऱ्या ब्रोकरेजमध्ये लायसन्स नसलेला इंटर्न एकतर राज्याचा नियम मोडतो, नाहीतर जे-१चा. अनुभवी स्पॉन्सर असा प्रस्ताव वाचताक्षणी परत पाठवतात, आणि उमेदवाराला वाटतं आपल्या मार्कांत काही खोट आहे.

म्हणून जागा निवडताना विक्रीचं ऑफिस टाळा. डेव्हलपर कंपनी, मालमत्ता सांभाळणाऱ्या कंपनीचा विश्लेषण विभाग, गुंतवणूक फंड, बांधकाम कंपनीचा अंदाजपत्रक विभाग, बाजार संशोधन करणारी संस्था इथं अर्ज करा. मूल्यांकनाच्या ऑफिसात जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा की तिथं सही करणाऱ्या मूल्यांककाचं लायसन्स वेगळं असतं. भाड्याची घरं लावून देण्यालाही बऱ्याच राज्यांत लायसन्स लागतं.

डीएस-७००२ नीट लिहिला की अर्धं काम झालं

हा प्रशिक्षणाचा आराखडा. कंपनीचा सुपरवायझर तो भरतो, पण बहुतेक ठिकाणी त्याला हे काम नवं असतं, आणि पहिला मसुदा तुम्हीच करून पाठवला तर तो खूश होतो. प्रत्येक टप्प्यासाठी काय शिकणार, कोण शिकवणार, कसं शिकवणार आणि शिकलं हे कसं तपासणार, ते लिहायचं असतं.

परत येणारा मसुदा साधारण असा असतो: 'एजंटना मदत करणे, ग्राहकांशी संपर्क ठेवणे, ओपन हाऊसची तयारी, सोशल मीडिया सांभाळणे.' यात शिकण्यासारखं काहीच दिसत नाही. दिसते ती स्वस्तातली नोकरी.

मंजूर होण्याजोगा मसुदा असा बांधा, ५२ आठवड्यांचा हिशेब धरून:

पहिले १२ आठवडे: काउंटीच्या नोंदींतून गेल्या वर्षभरात विकल्या गेलेल्या मालमत्तांची तुलना, दर चौरस फूट भावात इमारतीचं वय, पार्किंग आणि जागेनुसार फेरफार करायला शिकणं. दर आठवड्याला प्रमुख विश्लेषकासमोर एक मालमत्ता मांडणं.

पुढचे १६ आठवडे: भाड्याचं उत्पन्न, रिकामे गाळे, कर, विमा आणि दुरुस्ती वजा करून निव्वळ उत्पन्न काढणं, त्यावरून कॅप रेट (निव्वळ उत्पन्न किमतीच्या किती टक्के) आणि दहा वर्षांचा रोख प्रवाह मांडणं. बाजार बिघडला तर काय, याची दुसरी मांडणी स्वतंत्रपणे करणं.

शेवटचे २४ आठवडे: झोनिंगचे (कुठल्या जागेवर काय बांधता येतं याचे) नियम, महापालिकेच्या मंजुऱ्या, बांधकाम खर्चाचा अंदाज, आणि एका प्रत्यक्ष जागेवर खरेदी करावी की नाही याचं टिपण लिहून समितीसमोर मांडणं.

प्रत्येक टप्प्यात काम आधीच्यापेक्षा अवघड होत गेलं पाहिजे. १२ महिने तेच तेच काम दिसलं की तपासणारा थांबतो. आठवड्याचे तास किमान ३२ लिहा, पगार असेल तर तो नेमका लिहा. सहा महिन्यांहून मोठ्या कार्यक्रमात मध्यावर एक आणि शेवटी एक असं मूल्यमापन लागतं. त्या तारखा आराखड्यातच टाकून ठेवा, म्हणजे सुपरवायझर विसरत नाही.

निघण्याआधी नागपुरात: महारेरा

ट्रेनी म्हणून जायला लागणारा एक वर्षाचा अनुभव कागदावर भक्कम दिसावा म्हणून महारेराची (राज्याच्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणाची) एजंट नोंदणी फार उपयोगी पडते. दलालीचं काम करत असाल तर ती तशीही सक्तीचीच आहे: ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवरचा आणि आठहून जास्त गाळ्यांचा प्रकल्प रेरात नोंदलेला असावा लागतो, आणि अशा प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकून देणाऱ्याचीही नोंदणी लागते. नोंदणीशिवाय काम केलं तर रोज १० हजार रुपये, जास्तीत जास्त मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. वर्धा रोड, उमरेड रोड, काटोल रोडच्या प्लॉटिंगमध्ये 'आपण तर फक्त पार्टी आणून देतो' म्हणणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

क्रम असा. आधी महारेरानं मान्य केलेल्या संस्थेकडे २० तासांचं प्रशिक्षण घ्या. मग आयबीपीएस घेते ती संगणकावरची परीक्षा पास करा. पात्रता प्रमाणपत्र मिळालं की महारेराच्या महाक्रिटी पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करा. एकट्या व्यक्तीला शुल्क १० हजार रुपये, फर्म किंवा कंपनीला एक लाख. नोंदणी पाच वर्षं चालते. नागपूर जिल्ह्यातल्या जुन्या प्रकल्पांचे क्रमांक पी५०५नं सुरू होतात. जाहिरातीत क्रमांक आणि क्यूआर कोड बघून तो प्रकल्प खराच कुठला आहे, हे तपासायची सवय याच काळात लावून घ्या.

अमेरिकेत ही नोंदणी चालत नाही. तिचा उपयोग पुरावा म्हणून. त्याहून मोठा पुरावा म्हणजे अनुभवाचं पत्र, आणि तिथं बहुतेकांचं पत्र कच्चं असतं. 'मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह म्हणून समाधानकारक काम केले' एवढ्यावर स्पॉन्सर काही ठरवू शकत नाही. पत्रात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, पगार आणि प्रत्यक्ष काम असू द्या. नागपूरचं काम तर मुळातच अभ्यासाचं आहे: सातबारा आणि आखीव पत्रिका जुळवणं, दुय्यम निबंधकाकडच्या इंडेक्स टूवरून मागच्या ३० वर्षांची मालकी शोधणं, जागा नझूल आहे का ते बघणं, नासुप्रनं (नागपूर सुधार प्रन्यासानं) लेआउटला आरएल, म्हणजे रिलीज लेटर, दिलं आहे की नाही ते तपासणं, एनए झालं का ते बघणं, रेडी रेकनरशी भाव ताडून पाहणं. हे सगळं अमेरिकी वाचकाला कळेल असं उलगडून लिहा. 'आरएल तपासलं' असं लिहिलं तर त्याला काही बोध होत नाही. 'मंजुरी नसलेल्या जुन्या लेआउटमधला प्लॉट विकास प्राधिकरणानं नियमित केल्याचं पत्र तपासलं, आणि ते नसेल तर बांधकाम परवानगी आणि बँकेचं कर्ज अडतं हे ग्राहकाला लेखी कळवलं' असं लिहिलं की तोच माणूस मान डोलावतो. ज्यानं गुंठेवारीतले कागद चाळले आहेत त्याला अमेरिकेतला टायटल रिपोर्ट (मालकीचा तपास अहवाल) अवघड जात नाही. तिथं कागद जास्त नीट असतात एवढंच.

लायसन्स काढायचंच असेल तर

अमेरिकेत नवा माणूस आधी सेल्सपर्सन होतो आणि कुणातरी ब्रोकरच्या हाताखालीच काम करतो. कमिशन थेट ग्राहकाकडून घेता येत नाही, ते ब्रोकरमार्फत येतं. 'रिअल्टर' हे लायसन्सचं नाव नाही, ते एका राष्ट्रीय संघटनेच्या सभासदत्वाचं नाव आहे.

अभ्यासक्रमाचे तास राज्यागणिक फार बदलतात. फ्लोरिडात ६३ तास, न्यू जर्सीत ७५, न्यू यॉर्कमध्ये ७७, कॅलिफोर्नियात १३५ आणि टेक्सासमध्ये ३० तासांचे सहा असे १८०. या पाचही राज्यांत वय १८ पुरतं. टेक्सासला अर्जदार नागरिक किंवा कायदेशीर मार्गानं देशात आलेला असावा लागतो, जे-१वाला त्यात बसतो. अर्जात बहुधा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. तो जे-१वर पोहोचल्यानंतर मिळतो, पण विमानतळावरून थेट त्या ऑफिसात जाऊ नका. स्पॉन्सरनं सरकारी प्रणालीत तुमचा पत्ता नोंदवून कार्यक्रम सुरू करायला काही दिवस लागतात. साधारण दहा दिवस थांबून गेलात तर अर्ज अडकत नाही. कॅलिफोर्नियात सोशल सिक्युरिटीऐवजी करदात्याचा आयटीआयएन नंबरही चालतो.

कोर्स करणं आणि परीक्षा देणं हे काम धरलं जात नाही. संध्याकाळी ऑनलाइन तास पूर्ण केले, परीक्षा दिली, लायसन्स निष्क्रिय ठेवलं, इथपर्यंत व्हिसाला धक्का लागत नाही. स्पॉन्सरला मात्र आधी ईमेलनं कळवा.

धोका पुढं आहे. तुम्ही स्वतंत्र धंदेवाईक म्हणून येता, त्यामुळे ब्रोकरला तुमचा आय-९ फॉर्म भरून कामाची परवानगी तपासावी लागत नाही. तो विचारत नाही, राज्य विचारत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं की चालतं. पण जे-१वर डीएस-२०१९मध्ये लिहिलेल्या कंपनीतलं, डीएस-७००२मध्ये लिहिलेलं कामच करता येतं. त्याबाहेरचा एक सौदा, एखाद्या मराठी कुटुंबाला घर सुचवून घेतलेली रेफरल फी, अगदी मित्राच्या नावावर घेतलेलं कमिशनसुद्धा विनापरवाना काम ठरतं. ते पुढं टॅक्सच्या कागदांत दिसतं, आणि व्हिसा बदलाच्या किंवा ग्रीन कार्डच्या अर्जात वर्षांनंतर पुढं येतं. तिथं बसून वऱ्हाडी मंडळींना नागपूरचे प्लॉट विकून देण्याचा मोहही आवरा. पैसा नागपूरच्या खात्यात आला तरी काम तुम्ही अमेरिकेत बसून केलेलं असतं.

पगारातली एक कपात मात्र बघून घ्या. जे-१ इंटर्न आणि ट्रेनीच्या पगारातून पहिल्या दोन कॅलेंडर वर्षांत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापायचे नसतात. छोट्या कंपन्या सवयीनं कापतात. पहिली पेस्लिप आली की लगेच सांगा, वर्षाअखेरीस परत मागणं फार किचकट आहे.

व्हिसाचा अर्ज

डीएस-२०१९ हातात आला की सेव्हिस या सरकारी नोंद प्रणालीचे २२० डॉलर भरा, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरा, व्हिसाचे १८५ डॉलर भरा, मग तारीख घ्या. नागपुरात अमेरिकेचं व्हिसा केंद्र नाही. मुंबई किंवा हैदराबाद, जिथं तारीख आधी मिळेल तिथं घ्या. बोटांचे ठसे आणि मुलाखत वेगवेगळ्या दिवशी असतात, त्यामुळे दोन मुक्काम धरून तिकीट काढा. मुलाखतीच्या सकाळी पोहोचणाऱ्या गाडीवर विसंबू नका, दुरांतोसुद्धा उशिरा पोहोचू शकते. डीएस-१६०मध्ये गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती विचारतात, आणि जून २०२५पासून जे वर्गाच्या अर्जदारांना ती सार्वजनिक ठेवायला सांगितलं आहे. लिंक्डइनवर 'फ्युचर रिअल्टर इन टेक्सास' आणि अर्जात 'प्रशिक्षण घेऊन नागपूरला परत', असं विसंगत काही असेल तर प्रश्न तिथूनच सुरू होतात.

विमा नियमाप्रमाणे हवा: दर आजार किंवा अपघाताला किमान एक लाख डॉलर, वैद्यकीय कारणानं मायदेशी आणायला ५० हजार, पार्थिव आणायला २५ हजार. आपल्याकडच्या स्वस्त प्रवास विम्यात हे तिन्ही आकडे नेहमी जुळत नाहीत, पॉलिसी उघडून एकेक बघा.

पूर्वी बऱ्याच भारतीय जे-१धारकांना दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट कौशल्य यादीमुळे (कुठल्या देशाला कुठली कौशल्यं मायदेशी हवीत याच्या अमेरिकी यादीमुळे) लागायची. ९ डिसेंबर २०२४च्या नव्या यादीतून भारत वगळला आहे. सरकारी पैशानं गेला असाल तर ती अट अजूनही लागू होते, म्हणून व्हिसावर आणि डीएस-२०१९वर काय छापलं आहे ते वाचा.

एच-१बीचं कॅलेंडर

पगारी विश्लेषकाची किंवा बांधकाम व्यवस्थापनाची जागा मिळून कंपनी एच-१बीला तयार झाली, तर पुढचा खेळ तारखांचा आहे. दरवर्षी मार्चमध्ये नोंदणी होते, शुल्क २१५ डॉलर. जागा ६५ हजार, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार. सोडतीत निवड झाली तर काम सुरू होतं १ ऑक्टोबरला. जे-१ संपल्यावर ३० दिवस सामान आवरायला मिळतात, त्यात काम करता येत नाही. विद्यार्थी व्हिसाला मिळते तशी मधल्या काळासाठीची मुदतवाढ जे-१ला मिळत नाही.

म्हणजे जून २०२६ला जे-१ सुरू केलं तर ते जून २०२७ला संपतं, जुलैत देश सोडावा लागतो, आणि ऑक्टोबरची परवानगी भारतातून घ्यावी लागते. सप्टेंबर २०२५च्या घोषणेप्रमाणे अमेरिकेबाहेरच्या उमेदवारासाठी नवा अर्ज करणाऱ्या मालकाला एक लाख डॉलर भरावे लागतात. नवख्या माणसासाठी इतके पैसे कोणी भरत नाही. या घोषणेची मूळ मुदत १२ महिन्यांची होती, म्हणून अर्जाच्या वेळी ती चालू आहे की नाही ते बघा. अमेरिकेत राहूनच व्हिसाचा वर्ग बदलला तर हे पैसे लागत नाहीत. त्यामुळे जे-१ची सुरुवात ऑक्टोबरच्या मध्यावर ठेवा. मग मार्चची नोंदणी आणि पुढचा १ ऑक्टोबर दोन्ही वैध मुदतीत येतात. १८ महिन्यांच्या ट्रेनीला जास्त मोकळीक असते. आणि बदलाचा अर्ज चालू असताना लग्नकार्याला नागपूरला येऊन गेलात, तर तो अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो. भावाचं लग्न असलं तरी तारीख वकिलाला विचारूनच ठरवा.

फेब्रुवारी २०२६पासून या सोडतीत पगाराच्या श्रेणीला वजन आहे: चौथ्या श्रेणीच्या उमेदवाराचं नाव चार वेळा, पहिल्या श्रेणीचं एकदाच. नवखे बहुधा पहिल्या श्रेणीत असतात. एका वर्षाच्या जे-१वर एच-१बी मिळणं अशक्य नाही, पण त्यावर घरचा प्लॉट गहाण टाकू नये.

सेल्सचीच आवड असेल तर अभ्यासाची वाट जास्त सरळ आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर रिअल इस्टेट किंवा बांधकाम व्यवस्थापनात मास्टर्स केलं की १२ महिन्यांची ओपीटी (शिकलेल्या विषयात काम करण्याची तात्पुरती परवानगी) मिळते. त्यात विषयाशी संबंधित स्वतंत्र काम आठवड्याला २० तासांहून जास्त करता येतं, म्हणजे लायसन्सवर कमिशनही कायदेशीर. अभ्यासक्रम स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) असेल तर आणखी २४ महिने मिळतात, पण त्या वाढीव काळात स्वतंत्र धंदा चालत नाही, ई-व्हेरिफाय या कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी प्रणालीत नोंदलेला, पगार देणारा मालक हवा.

आणि दुबई

विदर्भातले बरेच जण शेवटी दुबईकडे वळतात, आणि निव्वळ घरं विकायची असतील तर ते बरोबरही आहे. तिथं क्रम उलटा आहे. आधी ब्रोकरेज कंपनी रहिवासी व्हिसा काढते, मग दुबई लँड डिपार्टमेंटच्या संस्थेत प्रशिक्षण आणि परीक्षा, पोलिसांचं चांगल्या वर्तणुकीचं प्रमाणपत्र, आणि त्यानंतर ब्रोकर कार्ड. कमिशनवर काम करणं तिथं रूढ आहे, म्हणून व्हिसाचा, कार्डाचा आणि पहिल्या काही महिन्यांच्या राहण्याचा खर्च कोण करणार हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. व्हिजिट व्हिसावर 'ट्रायल' म्हणून काम करायला सांगणाऱ्या कंपनीला नकार द्या. ऑगस्ट २०२४च्या कायद्यानं अशा मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे, पण पकडले गेलात तर परत पाठवलं जाणार तुम्हालाच. पदवीचं प्रमाणीकरण निघण्याआधी करून घ्या: आधी राज्याच्या शिक्षण विभागाचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, शेवटी यूएई दूतावासाचं. यूएईला अपोस्टिलचा (इतर बऱ्याच देशांत चालणाऱ्या प्रमाणीकरणाचा) शिक्का चालत नाही, तो चुकून मारून आणू नका.